लाँगलाइन जहाजावर निरीक्षक म्हणून पहिल्यांदा जाताना: बायकॅचची नोंद कशी करावी

टुना आणि तलवारमाशासाठी खोल समुद्रात सोडतात ती लाँगलाइन म्हणजे पन्नास-शंभर किलोमीटरपर्यंत जाणारी एक मुख्य दोरी. ती बोयांवर तरंगत ठेवतात आणि दोन बोयांच्या मध्ये तिला ठरावीक अंतराने उपदोऱ्या लटकवतात. प्रत्येक उपदोरीच्या टोकाला आमिष लावलेला गळ. मोठं जहाज एका वेळी दोन-तीन हजार गळ पाण्यात टाकतं. त्यांना टुना लागतो, तसेच शार्क, पाकट आणि समुद्री कासवंही लागतात. दक्षिणेकडच्या थंड पाण्यात अल्बट्रॉससारखे पक्षी आमिषावर झडप घालतात आणि गळाला अडकून बुडतात. नको असताना सापडणारे हे जीव म्हणजे बायकॅच. यातल्या बऱ्याच जातींना पिल्लं कमी होतात आणि वयात यायला त्यांना वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे थोडी वाढीव मरतूकही त्यांना झेपत नाही.

हिंदी महासागरातल्या टुना मासेमारीचे नियम हिंदी महासागर टुना आयोग ठरवतो. त्याचं कार्यालय सेशेल्समध्ये आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. २४ मीटर किंवा त्याहून लांब जहाजं आणि आपल्या देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्राबाहेर (मासेमारीचा हक्क असलेल्या समुद्राबाहेर) जाणारी लहान जहाजं यांच्या किमान ५ टक्के सेटवर (दोरी एकदा सोडून ओढणं म्हणजे एक सेट) निरीक्षक असावा, अशी आयोगाची अट आहे. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव वेळा दोरी सोडली-ओढली जाते तेव्हा तिथे बघणारं कुणी नसतं. तुमच्या पाच सेटवरून त्या पंचाण्णवचा अंदाज बांधला जातो. तुमच्या कागदावरची चूक वीसपट होऊन आकडेवारीत शिरते, हे डोक्यात ठेवूनच जहाजावर चढा.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आता या कामाकडे वळू शकतात. फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईतच आहे आणि टुनाच्या सर्वेक्षणासाठी त्यांची स्वतःची लाँगलाइन जहाजं आहेत. हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. मासे ओळखायला त्याने कॉलेजात शिकलेलं असतं. नोंद कशी केली म्हणजे तिच्यातून पुढे काही बदलेल, हे बहुतेक वेळा शिकवलेलं नसतं.

नोंदीतून खरंच काही बदलतं का?

बदलतं. हवाई बेटांवरून तलवारमाशासाठी उथळ लाँगलाइन सोडणारी जहाजं २००१ साली कासवांच्या कारणाने बंद करावी लागली. २००४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती अटींवर: इंग्रजी ‘जे’ (J) अक्षराच्या आकाराच्या गळाऐवजी मोठा गोल गळ, स्क्विडच्या आमिषाऐवजी मॅकरेलसारखा मासा आणि प्रत्येक फेरीवर निरीक्षक. लॉगरहेड कासवं सापडण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी, तर लेदरबॅकचं ८० टक्क्यांहून जास्त घटलं. हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण निरीक्षकांनी नुसती कासवं मोजली नव्हती. कोणता गळ, कोणतं आमिष, गळ कासवाच्या तोंडात की बाहेरून रुतलेला, हे प्रत्येक कासवामागे लिहिलेलं होतं.

बायकॅच कमी करायचं तर जीव आणि गळ यांची जोडी कागदावर जुळलेली असावी लागते. नुसत्या ‘इतके शार्क, इतकी कासवं’ अशा यादीवरून समस्या किती मोठी आहे ते कळतं, उपाय मात्र कळत नाही. खालची प्रत्येक पायरी या जोडीसाठी आहे.

पायरी १: धक्का सोडण्याआधी गळ हातात घ्या

पहिला दिवस ओळखीपाळखीत आणि मळमळीत जातो, त्यामुळे साधनांचं वर्णन शक्यतो बंदरातच लिहून काढा. फिशिंग मास्टरला (जहाजावरच्या मासेमारीच्या प्रमुखाला) विचारा, पण ऐकीव माहितीवर थांबू नका; डब्यातून चार-पाच उपदोऱ्या काढून स्वतः मोजा. लिहायचं ते असं:

- गळाचा आकार (जे, टुना गळ की गोल), नंबर, त्याचं टोक तिरकं वळवलेलं आहे का
- उपदोरीची लांबी, बोयाच्या दोरीची लांबी
- गळाजवळचा शेवटचा तुकडा नायलॉनचा की तारेचा
- वजन लावलेलं असेल तर किती ग्रॅमचं आणि गळापासून किती अंतरावर
- दोन बोयांच्या मध्ये किती गळ

एकाच जहाजावर दोन-तीन प्रकारचे गळ मिसळून वापरतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. तसं असेल तर कोणत्या डब्यात कोणता गळ तेही लिहा, नाहीतर पुढची सगळी तुलना कोसळते. प्रत्येक प्रकारच्या गळाचा मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा.

तारेचा तुकडा का महत्त्वाचा? शार्क नायलॉन चावून तोडतो आणि निसटतो, तार त्याला तोडता येत नाही. म्हणूनच मध्य आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या आयोगाने विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत तारेचा तुकडा वापरायला २०२४ पासून मनाई केली. पण यात एक मेख आहे. नायलॉनवर शार्क कमी ‘सापडतात’, त्यातले काही खरंतर दोरी तोडून, तोंडात गळ घेऊन गेलेले असतात. म्हणून दोरी ओढताना ज्या उपदोऱ्या कुरतडलेल्या, गळाविना वर येतात त्या मोजायच्याच. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. हा आकडा गाळला तर नायलॉन प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त गुणकारी दिसतो.

सोबत न्यायच्या गोष्टींत पाण्यात न भिजणारी वही, पेन्सिली, हाताने दाबायचा टॅली काउंटर, डोक्याला लावायची बॅटरी, मोठा कॅलिपर, मऊ टेप आणि कॅमेरा एवढं असलं की भागतं. वही दोरीने जॅकेटला बांधा. घड्याळ जीपीएसला जुळवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा की तुमच्या वेळा स्थानिक आहेत की आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या. जहाजाचं घड्याळ मधूनच बदलतं, आणि मग रात्री सोडलेली दोरी कागदावर दिवसा सोडलेली दिसते.

पायरी २: दोरी सोडताना

दोरी सोडायला चार-सहा तास लागतात. मासे इथे दिसत नसल्याने निरीक्षक बहुधा झोपून घेतात. झोप आवश्यकच आहे, पण सुरुवात आणि शेवट स्वतः बघा: वेळ, अक्षांश-रेखांश, पाण्याचं तापमान, आमिष कोणतं आणि ते गोठलेलं की वितळलेलं, चमकत्या कांड्या लावल्या का. बोया मोजा. बोयांमधल्या अंतरांची संख्या गुणिले प्रत्येक अंतरातले गळ, यावरून सोडलेल्या गळांचा आकडा निघतो. तो कप्तानाच्या लॉगबुकशी ताडून बघा आणि फरक पडला तर दोन्ही आकडे लिहा.

जहाज २५ अंश दक्षिणेच्या पलीकडे गेलं की पक्ष्यांचा भाग सुरू होतो. तिथे हिंदी महासागर टुना आयोगाच्या नियमानुसार तीनपैकी दोन उपाय करावे लागतात: रात्री, डेकवरचे दिवे कमीत कमी ठेवून दोरी सोडणं, जहाजामागे फडफडत्या पट्ट्यांची पक्षी हाकलणारी दोरी लावणं, आणि गळ पटकन बुडावा म्हणून वजन लावणं. गळाचं टोक झाकून ठेवणारं साधन वापरलं तर तेवढं एक पुरतं.

यात ‘उपाय केला: होय’ एवढी खूण कुणाच्याही उपयोगाची नाही. पक्ष्यांची दोरी लावली होती, पण ती हवेत किती मीटर राहत होती? ३५ मीटरपेक्षा मोठ्या जहाजावर ती किमान १०० मीटर हवेत असायला हवी. गळ तिच्या खाली पडत होते की वारा तिला बाजूला नेत होता? ती तुटली तर किती वाजता, आणि तोवर किती गळ गेले होते? वजन ४५ ग्रॅमहून जास्त असेल तर गळापासून १ मीटरच्या आत, ६० हून जास्त असेल तर साडेतीन मीटरच्या आत, असे नियमाचे आकडे आहेत. तुम्ही प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहा, नियमाशी त्याची तुलना करणारे पुढे बसलेले आहेत. रात्री सोडली असेल तर चंद्र होता का, ढग होते का, हेही लिहा. पौर्णिमेच्या उजेडात पक्ष्यांना आमिष चांगलं दिसतं.

शक्य असेल त्या सेटला, उजेड असताना, जहाजाच्या मागच्या टोकाला उभं राहून किती पक्षी आमिषावर झडप घालतात ते ठरावीक वेळ मोजा. पक्षी अडकतो तो दोरी सोडताना आणि मोजला जातो दोरी ओढताना, मधल्या तासांत मेलेले कितीतरी पक्षी गळावरून गळून पडतात किंवा कुणीतरी खाऊन टाकतं. पंधरा वर्षांच्या नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात, सोडताना अडकलेले दिसलेल्या पक्ष्यांपैकी जेमतेम निम्मे ओढताना वर आले. म्हणजे फक्त ओढतानाच्या मोजणीवर विसंबलं तर निम्मी मरतूक हिशेबातूनच जाते. माझ्या मते दोरी सोडतानाचं हे तासभराचं निरीक्षण फॉर्मवर सक्तीचं असायला हवं.

पायरी ३: दोरी ओढताना किती गळ पाहिले, हा सर्वांत महत्त्वाचा आकडा

दोरी ओढायला दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. इतका वेळ सलग कुणीही उभं राहू शकत नाही आणि राहूही नये. पण तुम्ही जेवायला गेलात, झोपलात, मासळी मोजायला आत गेलात, त्या वेळात जे गळ वर आले ते ‘न पाहिलेले’ म्हणून वेगळे लिहायलाच हवेत.

उदाहरण घ्या. जहाजाने २,४०० गळ सोडले, तुम्ही १,६०० वर येताना पाहिले आणि त्यांत दोन कासवं आली. खरं प्रमाण हजार गळांमागे १.२५. पण पाहिलेल्या गळांचा रकाना तुम्ही मोकळा सोडला, तर कार्यालयात बसलेला माणूस २,४०० ने भागेल आणि उत्तर येईल ०.८३. एक तृतीयांश कासवं कागदावरून गायब झाली, आणि कुणी खोटंही लिहिलं नाही.

म्हणून जागेवरून हलताना वेळ आणि बोयाचा क्रमांक लिहा, परत आल्यावर पुन्हा लिहा. मधल्या बोया गुणिले प्रत्येक अंतरातले गळ, तेवढे वजा करा. विश्रांतीची वेळही रोज तीच ठेवू नका. रोज शेवटचे चार तास झोपलात, तर सर्वांत जास्त वेळ पाण्यात राहिलेले गळ तुम्ही कधीच बघणार नाही. एके दिवशी सुरुवातीचा भाग सोडा, दुसऱ्या दिवशी मधला, तिसऱ्या दिवशी शेवटचा, आणि हे वेळापत्रक फेरीच्या आधीच आखा. आज मासळी जोरात आहे म्हणून थांबलो, आज काही नाही म्हणून गेलो, असं केलं की नमुना एका बाजूला झुकतो.

शून्य आणि मोकळा रकाना यांतला फरकही इथेच येतो. पाहिलं आणि काही आलं नाही, तर शून्य लिहा. पाहिलंच नाही, तर ‘पाहिलं नाही’ असं लिहा. लेदरबॅकसारखं कासव शेकडो सेटमध्ये एखाद्या वेळी येतं. ते न आलेल्या सेटचे खरे शून्य नसतील तर त्या एका कासवाचा काही अर्थ लावता येत नाही.

उभं कुठे राहायचं? जिथून दोरी पाण्यातून वर येते तो भाग आणि कठड्याची बाजू दोन्ही दिसतील अशा जागी, पण ताणलेल्या दोरीच्या रेषेत कधीच नाही. वजन लावलेली दोरी तुटली किंवा गळ सुटला तर ते वजन गोळीसारखं मागे येतं. माणसं यात जायबंदी झाली आहेत, दगावलीही आहेत. कठड्याकडे लक्ष ठेवायचं कारण असं की नको असलेला शार्क खलाशी डेकवर घेतच नाहीत. तो पाण्यातच असताना दोरी कापतात, दोन-चार सेकंदांत विषय संपतो. तुम्ही आत टुना मोजत बसलात तर त्याची नोंद जगात कुठेच होत नाही. बंदरावर मोजणी करणाऱ्याला तो दिसणार नाही, लॉगबुकात तो बहुधा नसेल. टुनाची लांबी मोजणं आणि कठड्याकडे बघणं यांत ओढाताण झाली तर, तुम्हाला जहाजावर पाठवणाऱ्या निरीक्षक कार्यक्रमाने स्पष्ट उलट सांगितलं नसेल तर, कठडा निवडा. टुना बंदरावरही मोजता येतो.

आता ज्या रकान्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे तो: जीव कितव्या गळाला लागला? दोन बोयांच्या मधली दोरी झोळासारखी खाली वाकते. बोयाजवळचे गळ वरच्या पाण्यात राहतात, मधले खोल जातात. कासवं, सिल्की शार्क यांसारखे जीव बराच वेळ वरच्या थरात असतात, आणि बिगआय टुना दिवसा खोल असतो. बायकॅच पहिल्या-दुसऱ्या गळाला एकवटतंय असं नोंदींतून दिसलं, तर बोयाजवळचे गळ न लावणं हा अगदी स्वस्त उपाय समोर येतो. तो सुचतो फक्त या एका रकान्यातून, आणि मोकळा राहतो तोही हाच रकाना, कारण तो भरायला लक्ष द्यावं लागतं.

पद्धत सोपी आहे. बोया वर आला की काउंटर शून्यावर आणा आणि पुढच्या प्रत्येक उपदोरीला एकदा दाबा. जीव आला की आकडा लिहा, सोबत दोन बोयांमधली एकूण संख्या. झोळ दोन्हीकडून सारखा असतो, त्यामुळे २५ गळांत पहिला आणि पंचविसावा जवळपास सारख्याच खोलीवर. ओढायची दिशा उलटी असली तरी बिघडत नाही. मोजणीत चुकलात तर अंदाज ठोकू नका, प्रश्नचिन्ह लिहा आणि पुढच्या बोयापासून नव्याने सुरू करा.

पायरी ४: जीव वर आला

दोन नोंदी शेजारी ठेवतो. एक अशी:

‘कासव १, जिवंत, सोडलं.’

दुसरी अशी:

‘सेट ७, बोया ४१ नंतरचा २ रा गळ (२५ पैकी), ०३:४०. ऑलिव्ह रिडले. वर आलं तेव्हा जिवंत, हालचाल चांगली. गोल गळ, डाव्या जबड्यात, बाहेरून दिसतो. आमिष स्क्विड. हातजाळ्याने वर घेतलं, गळ काढला, दोरी राहिली नाही. कवचाची लांबी टेपने ६४ सेंमी. दोन्ही पुढचे पाय तपासले, टॅग नाही. पोहत गेलं. फोटो ११२ ते ११७.’

दुसरी लिहायला दोन मिनिटं लागतात. त्यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या कामाची आहे.

ओळखीबद्दल. आपल्या बंदरांवर सगळ्या शार्कना मुशी म्हणून काम भागतं, फॉर्मवर जात हवी. थ्रेशर शार्कची शेपटी शरीराइतकी लांब असते, त्यामुळे थ्रेशर म्हणून तो लगेच कळतो. मग बघायचं: डोळे मोठे, डोक्याच्या वरच्या बाजूपर्यंत गेलेले आणि डोक्यावर दोन्हीकडे खोल खाच असेल तर बिगआय थ्रेशर. हिंदी महासागर टुना आयोगाने थ्रेशरच्या सगळ्या जाती जहाजावर ठेवायला मनाई केली आहे, म्हणजे त्यांची माहिती निरीक्षकाखेरीज दुसरीकडून येणारच नाही. पाठीवरचा पहिला पर मोठा, गोलसर आणि टोकाला पांढरे डाग असतील तर ओशनिक व्हाइटटिप. सिल्कीच्या पाठीवर दोन परांच्या मध्ये बारीक कणा हाताला लागतो आणि पहिला पर छातीच्या परांच्या बराच मागे सुरू होतो.

कासवाच्या कवचावरच्या बाजूच्या ढाली (मोठे खवले) मोजा. लेदरबॅकला ढाली नसतातच, चामड्यासारख्या पाठीवर लांब कणे असतात. हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला दोन्ही बाजूंना चार-चार. हिरव्याच्या डोळ्यांमध्ये खवल्यांची एक जोडी, हॉक्सबिलच्या दोन. लॉगरहेडला साधारण पाच-पाच. ऑलिव्ह रिडलेला सहा किंवा जास्त, आणि दोन्ही बाजूंना संख्या वेगळीही असू शकते.

खात्री नसेल तर ‘शार्क, जात कळली नाही’ असं लिहून फोटो जोडा. चुकीच्या जातीपेक्षा ही नोंद कितीतरी बरी, कारण फोटोवरून ती नंतर दुरुस्त होते, चुकीची जात मात्र कुणाला संशय न येता तशीच राहते. फोटो तीन कोनांतून काढा: पूर्ण शरीर बाजूने, डोकं जवळून, आणि ओळखीची खूण. पक्ष्याच्या बाबतीत चोचीचा बाजूने आणि वरून घेतलेला फोटो सगळ्यांत उपयोगी. पायात कडं असेल तर त्यावरचा आकडा लिहा आणि फोटोही घ्या.

टॅगचं महत्त्व कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडलं. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी असतात ही समजूत एका धातूच्या पट्टीवरच्या आकड्याने हलवली. समुद्रात, गळाला लागलेल्या कासवाच्या पायावरचा आकडा वाचणारे तुम्ही एकटेच असता. दोन्ही पाय बघा, शेवाळ पुसून बघा.

गळ कुठे लागला हे चार शब्दांत लिहा: तोंडात, गिळलेला, बाहेरून रुतलेला, किंवा नुसता दोरीत गुंतलेला. गोल गळाचा मुख्य फायदा असा की तो बहुधा तोंडाच्या कडेला लागतो, पोटात कमी जातो. तो फायदा या रकान्यातूनच सिद्ध होतो.

पायरी ५: जीव परत सोडताना

सोडलेला जीव पुढे जगतो का, हे मुख्यतः जखमेवर आणि मागे राहिलेल्या दोरीच्या लांबीवर ठरतं. म्हणून ‘जिवंत सोडला’ एवढं लिहून थांबू नका. किती दोरी उरली (अंदाजे मीटर), गळ आत राहिला का, सोडताना हालचाल कशी होती, पोहत गेला की बुडाला, एवढं लिहा. वर आला तेव्हाची अवस्था आणि सोडतानाची अवस्था या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मधल्या काळात डेकवर काय झालं ते त्यांच्यातल्या फरकावरून कळतं.

कासवाला दोरीने किंवा आकड्याने ओढून वर घेऊ नये, हातजाळं वापरावं. गळ गिळलेला असेल तर ओढू नये, दोरी तोंडाजवळ कापावी. निपचित पडलेलं कासव मेलंच असं धरू नका: सावलीत, ओल्या कापडाखाली, मागची बाजू वीतभर उंच करून ठेवलं तर काही तासांनी शुद्धीवर येऊ शकतं, त्यासाठी २४ तासांपर्यंत वाट बघतात. खलाश्यांना हे करायला सांगायचं ते हुकमाच्या सुरात नको. बहुतेकांना कासव मारायचं नसतंच. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या खोल समुद्रात शार्क आणि टुनासाठी गळ टाकत आले आहेत. कोणता शार्क कोणत्या खोलीवर, चंद्राच्या कोणत्या दिवसांत येतो, याची त्यांची माहिती पुस्तकांत मिळत नाही. असा कुणी जहाजावर असेल तर त्याच्याशी बोला आणि तो सांगेल ते शेऱ्यांत त्याचं म्हणूनच लिहा.

पायरी ६: त्याच दिवशी तपासा

झोपण्याआधी अर्धा तास काढा. पाहिलेले गळ आणि न पाहिलेले गळ यांची बेरीज सोडलेल्या गळांशी जुळते का? प्रत्येक जिवामागे वेळ, गळाचा क्रमांक, अवस्था आहे का? फोटोंचे क्रमांक वहीशी जुळतात का? चूक आढळली तर खोडरबर वापरू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, सही करा. आठवड्याचं काम साठवून शेवटी लिहिणाऱ्याच्या वहीत सगळे मासे पाच आणि शून्यावर संपणाऱ्या लांबीचे असतात, आणि आकडेवारी तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच दिसतं.

कप्तान किंवा मालकाकडून ‘हे लिहू नका’ असं सुचवलं गेलं तर वाद घालू नका, आणि लिहिणं थांबवूही नका. तुम्ही पोलिस नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. तुमची नोंद झाकून होत नाही, त्यांनी मागितली तर सेटचा सारांश दाखवा. पण वहीचा रोज फोटो काढून ठेवा. धमकी, पैशाचं आमिष, कोंडून ठेवणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहा आणि कार्यक्रमाला कळवा. हे काम धोक्याचं आहे. २०१५ मध्ये पेरूपासून दूर, खोल समुद्रात एका जहाजावरून एक अमेरिकी निरीक्षक बेपत्ता झाला, तो सापडला नाही. त्यानंतर प्रशांत महासागरातल्या आयोगाने नियम केला की निरीक्षक बेपत्ता झाला तर जहाजाने ताबडतोब मासेमारी थांबवून किमान ७२ तास शोध घ्यायचा. जहाजापासून स्वतंत्र असं उपग्रहावर चालणारं दुहेरी संपर्काचं साधन आणि अंगावरचा आपत्कालीन बीकन (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र) हातात मिळाल्याशिवाय धक्का सोडू नका. ही मागणी करताना संकोच वाटण्याचं कारण नाही.

काही जहाजांवर आता कॅमेरे असतात, आणि हिंदी महासागर टुना आयोगाने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी मानकंही ठरवली आहेत. कॅमेरा झोपत नाही आणि धमकीला घाबरत नाही, त्यामुळे कठड्यावर कापलेल्या शार्कची मोजणी तो चांगली करू शकतो. त्याला कासवाचा पाय उलटून टॅग वाचता येत नाही, कुरतडलेली दोरी हातात घेऊन बघता येत नाही. कॅमेरा असेल तर तुमच्या वेळा आणि त्याच्या वेळा जुळवून ठेवा, म्हणजे दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडता येतील.

परत आल्यावर

फेरी संपल्यावर कार्यक्रमाचा माणूस तुमच्याबरोबर बसून वही पानापानाने तपासतो. ही बैठक बंदरात उतरल्यापासून थोड्या दिवसांत व्हावी असा आग्रह धरा, कारण प्रश्नचिन्ह टाकलेल्या नोंदी आठवणीत तोवरच ताज्या असतात. त्या बैठकीत तीन गोष्टी स्वतःहून मांडा: कोणते रकाने भरणं प्रत्यक्षात जमत नव्हतं, जहाजावर फॉर्ममध्ये न बसणारं असं काय दिसलं, आणि कोणत्या ओळखींबद्दल तुम्हाला शंका आहे. फोटोंवरून तज्ज्ञांनी तुमच्या किती ओळखी बदलल्या तेही विचारून घ्या, आणि बदललेल्या जातींच्या खुणा पुढच्या फेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा.